कॅराव्हॅनचे शनिवार-रविवार आणि घरी राहिलेली गोधडी

"शुक्रवारी गाडीला कॅराव्हॅन जोडली की माझ्या पोटात गोळा येतो. ह्यांना दुखवायचं नाही, पण माझं शिवण घरी पडून राहतं. स्वतःच्या छंदासाठी वेळ मागणं स्वार्थीपणाचं आहे का?"

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या, आमच्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मराठी ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) निवृत्तीनंतर यजमानांनी जुनी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेतली. एप्रिल ते ऑक्टोबर, दर पंधरा दिवसांनी दोघं बाहेर. ताईंना गोधड्यांचा नाद, आणि घरी तीन अर्धवट. थोड्याफार फरकाने हीच तक्रार अनेक जोडप्यांकडून ऐकू येते.

आधी एक गोष्ट तपासावी लागते. घरी निवांत वेळ मिळाला तर शिवणात मन रमतं का? दिवसाचा बराच वेळ उदास वाटणं किंवा आवडत्या कशातच रस न उरणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर प्रश्न सुट्टीचा नसतो. तेव्हा आधी जीपींना, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांना, भेटायला हवं. ताई मात्र घरी मशीनवर बसल्या की जेवायचं विसरत होत्या. काळजीचं कारण नव्हतं.

मग आम्ही दोघांना वेगवेगळं एक काम दिलं. एका शनिवारची अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद, एकमेकांना न दाखवता. दुपारी दोन ते पाचच्या रकान्यात ताईंनी लिहिलं होतं, "ह्यांच्या सोबतीला बसले." यजमानांनी लिहिलं होतं, "ही बसली होती, म्हणून फिरायला गेलो नाही." तीन तास दोघंही एकमेकांसाठी अडकून बसले होते, आणि सोबत कुणीच मागितली नव्हती.

मशीन एकदा नेलं होतं. तो बेत फसला आणि भांडण तिथूनच सुरू झालं. ताईंनी घरची 2400 वॉटची वाफेची इस्त्री लावली, तेव्हा 1000 वॉटचा हीटर चालूच होता. त्या साइटवर, म्हणजे कॅराव्हॅन उभ्या करायच्या मैदानावर, खांबावरून 10 अँपिअर वीज मिळत होती. 230 व्होल्टला म्हणजे 2300 वॉट. एकटी इस्त्रीच त्याच्या वर जाते. वीज गेली. खांबावरची पेटी कुलूपबंद, साइट सांभाळणाऱ्या वॉर्डनला बोलवावं लागलं, यजमान सगळ्यांदेखत चिडले. ताईंनी अर्थ लावला, "माझ्या शिवणाची ह्यांना किंमत नाही." खरं तर शिलाई मशीन साधारण 70 ते 90 वॉटच घेतं, त्याचा काहीच दोष नव्हता. 16 अँपिअरच्या साइटवरही (3680 वॉट) इस्त्री, हीटर आणि किटली एकदम चालत नाहीत. तुकड्यांची शिवण तेवढ्यापुरती लाटण्याने दाबून बसवता येते, इस्त्री घरी करावी.

दुसरी कुरकुर वजनाची होती. यजमान म्हणायचे, "तुझं सामान जड आहे." ताईंना ते निमित्त वाटे. ते निमित्त नव्हतं. कॅराव्हॅनच्या मागच्या टोकाला वजन वाढलं की गाडीला जोडणाऱ्या हुकवर पडणारा भार कमी होतो आणि वेगात ती नागमोडी डुलायला लागते. हुकवरचा भार भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के असावा, पण गाडीच्या आणि हुकच्या मर्यादेच्या वर जाऊ नये. आम्ही दोघांना घरच्या वजनकाट्यावर आपापलं सामान मोजायला सांगितलं. ताईंचं 19 किलो भरलं, यजमानांच्या जादा खुर्च्या आणि तंबूचा गालिचा 23. या एका आकड्याने जेवढं काम झालं, तेवढं महिनाभराच्या समजावणीने झालं नसतं. दोघांनी कमी केलं. ताईंची पेटी आता चाकांच्या आसावर, खाली जमिनीवर बसते. वरच्या कपाटात जड काही नाही.

"मग तू कॅराव्हॅनच्या गाद्यांना नवी कव्हरं शिव ना," असं यजमानांनी मनापासून सुचवलं. इथे आम्ही थांबवलं. ते घरकाम झालं, छंद नव्हे. शिवाय ब्रिटनमध्ये बैठकींचं कापड आणि फोम आगरोधक असण्याबद्दल 1988 पासून नियम आहेत आणि विक्रीच्या कॅराव्हॅनही त्यांत येतात. हौसेने साधं सुती कापड चढवलं तर ते संरक्षण जातं.

ताईंनी निवडली षटकोनी तुकड्यांची हातशिलाई. वीज नको, टेबल हललं तरी बिघडत नाही. जाडसर कागदाचे 1 इंच बाजूचे षटकोन, कापड सगळीकडून पाव इंच जास्त, कडा कागदावर दुमडून कच्चा टाका. दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून जुळवायचे आणि कडेवरून इंचाला 12 ते 16 बारीक टाके. सुई दुमडीच्या दोन-तीन धाग्यांतूनच जावी. कागदात शिरली तर तो निघताना फाटतो आणि टाका सैल पडतो. सहाही बाजू जोडल्याशिवाय कागद काढायचा नाही, नाहीतर तिरप्या कडा ताणल्या जातात. मधे 1, भोवती 6, त्याभोवती 12, असं 19 तुकड्यांचं फूल, 42 जोड. अस्तर घालून धावदोरा घरी आल्यावर. सुया निघताना आणि परतताना मोजायच्या. गादीच्या फटीत गेलेली सुई नातवंडांना सापडते.

कॅराव्हॅन समतल नसेल तर रिळं घरंगळतात, फ्रिजही नीट चालत नाही. आधी चाकाखाली रॅम्प, मग कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकाचं छोटं चाक वरखाली, शेवटी कोपऱ्यांचे टेकू. टेकूंनी कॅराव्हॅन उचलायची नसते, ते वाकतात. हे काम यजमानांचं, आणि ताई आता ते हक्काने करून मागतात, "लेव्हलचा बुडबुडा मधे आलेला दाखवा, मग मी बसते."

मागण्याची भाषाही बदलावी लागली. "तुम्हाला माझी कदर नाही" या वाक्यावर समोरच्याला करण्यासारखं काहीच नसतं. "शनिवारी दोन ते पाच खिडकीजवळचं टेबल माझं" यावर हो किंवा नाही म्हणता येतं. यजमान हो म्हणाले आणि टेकडीवर चालायला जाऊ लागले. शुक्रवारच्या पोटातल्या गोळ्याला ताई दहापैकी आठ गुण द्यायच्या, चौथ्या सहलीनंतर तीन दिले.

ऑक्टोबरअखेर कॅराव्हॅन बंद झाली तेव्हा कापडाचा एक तुकडाही आत ठेवला नाही. थंडीत आत दव धरतं आणि बुरशीचे डाग सुती कापडावरून सहज निघत नाहीत. आता प्रश्न उरलाय पुढच्या उन्हाळ्यातल्या स्कॉटलंडच्या तीन आठवड्यांचा. ताईंना दोनच हवेत, तिसरा घरी मशीनवर. यजमान अजून तयार नाहीत. पुढच्या भेटीला दोघं कॅलेंडर घेऊन येणार आहेत.