छाट कुठल्या रकान्यात?

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणतात, ‘काय आहे ते अर्थशास्त्र सांगतं, काय असावं ते नाही.’ मग न्याय-अन्यायाचं आम्ही कुठल्या तासाला विचारायचं?
– एक विद्यार्थिनी, चिक्कोडी

उत्तर : पोरी, तुझे सर ब्रिटिश अर्थतज्ज्ञ लायोनेल रॉबिन्स यांच्या वाटेनं चाललेत. गरजा अनेक, साधनं अपुरी आणि तीच साधनं दुसरीकडंही वापरता येणारी. या ओढाताणीत माणूस काय निवडतो ते अर्थशास्त्रानं बघावं, ही त्यांची 1932 ची व्याख्या. गरज बरी की वाईट, ते त्याचं काम नव्हे. तीस वर्षं मीही हेच फळ्यावर लिहिलं.

पण माझी आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात भिजवून कापलेली पानं, तंबाखू, दोरा. माल द्यायला गेलं की तपासणारा मूठमूठ विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, वर विड्याही परत नाहीत. पानं कमी पडली तर पदरच्या पैशानं आणायची. आता ही छाट ‘खराब माल’ म्हणून मांडायची, की ‘बुडवलेली मजुरी’ म्हणून? वहीत दोन्ही बसतं. कुठल्या रकान्यात, ते मागणी-पुरवठ्याच्या आलेखातून निघत नाही. तिथं तू समाजाबद्दल काय मानतेस ते आधीच येऊन बसलेलं असतं.

हजार विड्यांमागं किमान मजुरी वाढवली तर किती बायकांचं काम जाईल, हे मात्र अर्थशास्त्रानं मोजलंच पाहिजे. नुसता कळवळा दाखवून हा हिशेब टाळणारे मला खपत नाहीत.

अर्थशास्त्राचा जनक म्हणतात तो ॲडम स्मिथ तर ग्लासगोत नीतितत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. 1776 च्या त्याच्या ग्रंथातला टाचण्यांचा कारखाना तुला पाठ असेल : कामं वाटून घेतली की दहा माणसं दिवसाला 48 हजार टाचण्या करतात. पण जन्मभर एक-दोनच कामं करून माणसाची बुद्धी गंजते, तेव्हा गरिबांच्या शिक्षणाकडं सरकारनं लक्ष द्यावं, हेही त्याच ग्रंथात पुढं आहे. तेवढी पानं अभ्यासक्रमात गळतात. आणि डॉ. आंबेडकर, मुळात अर्थतज्ज्ञच, 1936 साली म्हणाले की जात ही नुसती श्रमांची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे. हे वाक्य अर्थशास्त्रात घालशील की समाजशास्त्रात?

अर्थशास्त्राच्याच तासाला विचार. सरांपुढं छाटीचं उदाहरण ठेव आणि रकाना त्यांनाच भरायला सांग.