वाचक विचारतात: बुडबुडे थांबले, आता बाटल्या भरू का?

प्रश्न: ५ लिटरच्या काचेच्या बरणीत मधाची वाइन घातली आहे. सुरुवातीची घनता (पाण्याची १.००० धरून) १.१०० होती. दीड महिना झाला. एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी बुचावरची नळी) बुडबुडे आठवड्यापूर्वी थांबले, पण परवापासून दुपारी पुन्हा दिसतात. आंबणं संपलं की नाही? (एक वाचक, खानापूर)

उत्तर: बाटल्या अजून भरू नका. बुडबुड्यांवरून ठरवता येत नाही. वाइनमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ऊन वाढलं की सुटतो, त्यामुळे आंबणं संपल्यावरही दुपारी बुडबुडे येतात. उलट, बूच सैल असेल तर वायू तिथूनच निसटतो आणि आत आंबणं चालू असूनही एअरलॉक गप्प राहतो.

खात्री हायड्रोमीटरच देतो, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी. साखर आंबत जाते तशी घनता उतरते. उकळत्या पाण्याने धुतलेल्या नळीने उंच भांड्यात नमुना काढा आणि दोन-तीन वेळा हलवून त्यातला वायू घालवा. हे चुकवू नका, कारण काचेला चिकटलेले बुडबुडे हायड्रोमीटर वर उचलतात आणि घनता जास्त दिसते. तो बोटांनी फिरवून सोडा, डोळा पातळीवर आणून वाचा. हायड्रोमीटर २० अंशांवर बेतलेला असेल आणि वाइन ३० अंशांवर असेल, तर आकड्यात सुमारे ०.००२५ मिळवा. दर तीन-चार दिवसांनी असं तीनदा मोजा. तिन्ही आकडे ०.९९० ते १.००० मध्ये आणि एकसारखे आले, तर आंबणं संपलं. ०.९९५ आला, तर अल्कोहोल साधारण १४ टक्के झालं.

आकडा १.०३० वर अडला, तर गोडी उरली आहे आणि यीस्ट थकलंय. मधात नायट्रोजन फार कमी असतो, म्हणून मधाची वाइन अशी मध्येच अडते. थंडीतल्या रात्रीही यीस्टला झोपवतात. बरणी २० ते २४ अंशांत ठेवा. तरी हलेना, तर जास्त अल्कोहोल सोसणारं नवीन यीस्ट कोमट पाण्यात जागं करा, त्यात थोडी थोडी वाइन घालून सवय लावा आणि मग बरणीत ओता. या टप्प्यावर नुसतं यीस्टचं खाद्य (नायट्रोजन) टाकून उपयोग नाही, एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्टला ते घेता येत नाही.

घाईने बूच लावणं खरंच धोक्याचं आहे. बाटलीत घनता फक्त ०.०१० ने उतरली तरी लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आंबते. शॅम्पेनच्या बाटलीत मुद्दाम घालतात तेवढीच ही साखर. त्या जाड बाटल्या तो दाब सोसतात, साध्या बाटल्या फुटतात.

प्रश्न: हायड्रोमीटरऐवजी डेअरीतला लॅक्टोमीटर चालेल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: नाही. तो दुधासाठी बनवलेला असतो. तुम्हाला सुरुवातीला १.१०० आणि शेवटी ०.९९० वाचायचं असतं, ही दोन्ही टोकं त्याच्या पट्टीवर नसतात. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात ०.९९० ते १.१७० पट्टीचा हायड्रोमीटर मागा, आणि घरी आणल्यावर आधी २० अंशांच्या साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो का ते पाहा.