दरीची भीती वाटत असेल तर कोकणात कुठल्या घाटाने उतरावं?

ताई, गणपतीला कोल्हापूरहून कणकवलीला माहेरी जायचंय, सोबत दोन मुलं, गाडी तुम्हीच चालवणार, आणि दरी दिसली की तळहाताला घाम फुटतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर बऱ्याच जणांनी 'गगनबावड्यावरून जा, जवळ पडतं' आणि 'खाली बघू नका' एवढंच सांगितलंय. माझी सासुरवाडी देवगडची. वीस वर्षं हे घाट चढतोय-उतरतोय आणि मलाही हीच भीती आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगतो. गगनबावड्याला रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने वैभववाडीला जातो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या बाजूला. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी भुईबावड्याने उतरत होतो. रस्ता अरुंद. एका टप्प्यावर दरी डाव्या हाताला आली आणि मी नकळत गाडी उजवीकडे, उजवीकडे घेत गेलो. मनात मात्र हेच, की आपण आता सुरक्षित बाजूला आहोत. वळणावर समोरून भरलेला ट्रक आला. त्याने वेळेत गाडी दाबली म्हणून आम्ही वाचलो. पुढे कितीतरी वेळ बायको एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मी दरीपेक्षा या सवयीला जास्त घाबरतो. घाबरलेला माणूस दरीपासून लांब सरकतो आणि समोरच्याच्या वाटेत शिरतो. तुम्हाला रस्ता निवडायचाय तो ही वेळ येऊ नये म्हणून.

आपण डावीकडून गाडी चालवतो. डोंगर डाव्या हाताला असेल तर तुमच्या आणि दरीच्या मध्ये समोरून येणाऱ्यांची अख्खी लेन असते, मन बऱ्यापैकी शांत राहतं. दरी डावीकडे असेल तर ती तुमच्या चाकाशेजारी येते. नागमोडी वळणांवर बाजू बदलते हे खरं, पण बहुतेक घाटांत रस्ता बराच वेळ डोंगराच्या एकाच कुशीने जातो. म्हणजे ज्या टप्प्याने जाताना काही वाटलं नाही, त्याच टप्प्याने परत येताना छाती धडधडू शकते. हे माहीत नसलं की माणसाला वाटतं, आपली भीती वाढली. आधी मोबाइलवर सॅटेलाइटचं चित्र मोठं करून घाटाचा एकेक टप्पा बघा. डोंगर कुठल्या हाताला, झाडी किती, कठडा आहे का, हे बऱ्यापैकी कळतं. मी अजूनही नव्या रस्त्याला जाताना आदल्या रात्री हे करतो. जाताना एक घाट आणि येताना दुसरा घ्यायलाही काही हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. शेजारच्या सीटवर बसून घाट बघितलाय आणि तेव्हा भयंकर वाटलं, म्हणून चालवता येणारच नाही असं धरू नका. आपल्याकडे शेजारची सीट डावीकडे, म्हणजे दरी डाव्या हाताला आली की तिच्या जास्त जवळ, आणि हातात स्टिअरिंगही नाही. चालवणारा तेव्हा चांगला हातभर आत बसलेला असतो. मला स्वतःला चालवताना कमी भीती वाटते.

आता तुमच्या कामाचं. कणकवलीसाठी मी तुम्हाला राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट असं जायला सांगेन. तिथे जंगल दाट आहे, त्यामुळे दरी फार वेळ डोळ्यांसमोर उघडी पडत नाही. आपल्या भीतीला जवळचं झाड हा मोठा आधार असतो. तोल सांभाळताना शरीर डोळे, कानातला आतला भाग आणि स्नायू-सांधे यांच्याकडून येणाऱ्या खुणांचा मेळ घालत असतं. समोर जवळचं काहीच नसलं, नुसती पोकळी असली, की डोळ्यांकडून मिळणारी खूण तुटते आणि डोलल्यासारखं वाटतं. म्हणून 'मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी कित्येक महिने बंद होता. रस्ता नवा झाला तरी दऱ्या त्याच आहेत, पहिल्या खेपेला नको. भुईबावडा तर नकोच. आजऱ्यावरून आंबोली घाट मला आवडतो, पण कणकवलीला जाणाऱ्याला सावंतवाडीला उतरून पुन्हा उत्तरेला यावं लागतं, मोठा फेरा पडतो, आणि पावसाळ्यात तिथलं धुकं आणि धबधब्यापाशी रस्त्यातच थांबलेल्या गाड्या या दोन्हींचा त्रास. आंबा घाट रत्नागिरीकडे जाणाऱ्यांसाठी, तुम्हाला उपयोगाचा नाही.

आपण कोल्हापूरकर आधीच पठारावर राहतो, त्यामुळे कोकणात जाताना आपल्या वाट्याला पहिल्यांदा उतारच येतो. उताराला दुसऱ्या गिअरवर राहा, गरज पडली तर पहिल्या. ब्रेक सारखा दाबून धरला की तापतो आणि नेमका हवा तेव्हा लागत नाही. न्यूट्रल कधीच नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर कसा धरायचा ते घरीच शिकून घ्या. नजर वळणाच्या पुढच्या टोकावर ठेवा, कारण गाडी नजरेमागे जाते, दरीकडे बघत राहिलात तर हातही तिकडे वळतात. रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, असा नियमच आहे. मागून कुणी हॉर्न वाजवत असेल तर जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन त्याला जाऊ द्या. त्याच्या घाईसाठी आपला वेग वाढवायचा नाही.

मधेच घाबरायला झालं तर वळणावर थांबू नका. रस्ता रुंद होतो तिथे, डोंगराच्या बाजूला जागा मिळाली तर उत्तमच, गाडी घ्या. चारी इंडिकेटर, हँडब्रेक, उतारावर गाडी बंद करून रिव्हर्स गिअर. मग स्टिअरिंग, मीटर, स्वतःचे गुडघे असं जवळचं काहीतरी बघत श्वास सावकाश सोडा. पाच-दहा मिनिटं लागतात, लागू द्या. मुलांना आधीच सांगून ठेवा, 'आई, खाली बघ ना' म्हणायचं नाही. आणि उलटीची किंवा भीतीची गोळी घेऊन गाडी चालवू नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

गणपतीला अजून महिना आहे, तेवढ्यात सराव होईल. आधी वाघबिळावरून पन्हाळ्याला दोन-तीनदा जाऊन या, मग जोतिबाला. त्यानंतर एका रविवारी फोंडा घाटाचा निम्मा भाग उतरा, सोबत घाट नीट माहीत असलेलं, न ओरडणारं कुणीतरी घ्या, आणि जागा बघून परत फिरा. भीती पूर्ण गेली पाहिजे असं नाही, माझीही गेलेली नाही. पण एवढं करूनही गाडीत बसायच्या विचारानेच रात्रीची झोप उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. ते अशाच लहान लहान पायऱ्यांनी, नीट पद्धतीने सराव करून घेतात आणि त्याचा खरंच उपयोग होतो.

धुक्यात किंवा रात्री दरी दिसत नाही म्हणून बरं, असं कुणी सांगेल. ऐकू नका. धुक्यात रस्त्याची कडही दिसत नाही आणि रात्री समोरचे लाइट डोळ्यांवर येतात. सकाळी उजाडल्यावर निघा. आदल्या दिवशी माहेरी फोन करून घाटात दरड आलेली नाही ना, विचारा. परत येतानाही कणकवलीहून दुपारी जेवून लगेच निघा, म्हणजे अंधाराच्या आत राधानगरी गाठता येईल. दाजीपूरच्या जंगलात संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात, काळे असल्याने अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत.