लो, मिड का हाय? फेडबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, वय २४, सातपूरला कंपनीत शिफ्टला जातो. चेहरा गोल, केस सरळ आणि दाट. एका सलूनमध्ये मोबाईलवरचा फोटो दाखवून मिड फेड स्किनपर्यंत मारून घेतला, पण फोटोतल्यासारखा आला नाही आणि पंधरा दिवसांत तर पार वाट लागली. नेमकं काय मारायचं?
– एक वाचक, सातपूर

भावा, फोटोतल्या माणसाचे केस कसे होते ते बघितलंस का? हा फेड, म्हणजे खाली अगदी बारीक आणि वर जाता जाता हळूहळू लांब होत जाणारी कटिंग, अमेरिकेत आधी सैन्यात होता, नंतर ८०-९० च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीयांच्या सलूनमधून फेमस झाला, आणि बारीक कुरळ्या केसांत त्याची शेड आपोआप मिसळून जाते. आपले सरळ काळेभोर केस जरा कमी-जास्त कापले गेले की लगेच पट्टा दिसतो, कारागीर कितीही भारी असला तरी वेळ लागतोच, म्हणून रविवारच्या गर्दीत फेड मारायला जाऊच नये, मधल्या वारी निवांत जा.

आता लो, मिड, हाय म्हणजे बारीक केस कुठपर्यंत वर चढवायचे एवढंच असतं. लो म्हणजे कानाच्या वर बोटभर, मिड कानशिलाच्या मध्यापर्यंत, हाय थेट कपाळाच्या कोपऱ्यापर्यंत. टेपरमध्ये फक्त कल्ले आणि मानेपाशी बारीक करतात, बाकी तसंच. गोल चेहऱ्याला बाजूचं कमी आणि वरचं जास्त असं हवं, त्यामुळे तुझा मिड चुकीचा नव्हता, गडबड झिरोची, म्हणजे खाली पार कातडीपर्यंत मारण्याची झाली. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटरपर्यंत वाढतात, म्हणजे पंधरा दिवसांत पाच-सहा मिलिमीटर. मशीनचा एक नंबर म्हणजे ३ मिमी, दोन नंबर ६ मिमी, हिशोब तूच कर, स्किन मारलेली जागा पंधरा दिवसांत जवळजवळ दोन नंबरवर येते, मग फेड राहतो कुठे? दर दोन आठवड्यांनी सलूनला जायची आणि तेवढे पैसे घालवायची तयारी असेल तर स्किन मार, नाहीतर खाली एक नंबरवर थांब, वाढला तरी घाण दिसत नाही.

अजून एक, डोक्याच्या मागं हात फिरवून बघ. हाड जिथं बाहेर आलंय त्याच्या वर झिरो नेला की मागून डोकं चपटं दिसतं, आणि हे आरशात आपल्याला दिसत नाही, मित्रांना दिसतं. मागं ड्रॉप करायला सांग, म्हणजे लाईन कानामागून खाली उतरते. सलूनमध्ये नाव सांगत बसू नकोस, बोट लावून दाखव : इथपर्यंत एक नंबर, वर मशीन नको, कात्री. आणि कटिंग चालू असताना मान खाली घालून रील बघू नकोस रे, फेड तिरका होतो आणि शिव्या कारागिराला बसतात.

प्रश्न : भावाचं लग्न आहे, मला हाय स्किन फेड मारायचाय, पण आई म्हणते मुंजीतला बटू दिसशील. चेहरा लांबट आहे, कानही थोडे बाहेर. काय करू?
– एक वाचक, पंचवटी

आईचं ऐक. लांब चेहऱ्याला हाय फेड मारला की चेहरा अजून लांब दिसतो, आणि बाजूचं सगळं साफ झाल्यावर कान आधी दिसतात. त्यात फेट्याखाली हाय फेड बघणार कोण? टेपर घे, कानाभोवती थोडे केस राहू दे. पहिल्यांदाच मारत असशील तर महिनाभर आधी एकदा मारून बघ, पटला नाही तर लग्नापर्यंत वाढतो तरी. फायनल कटिंग हळदीच्या दोन-तीन दिवस आधी, म्हणजे ताज्या कटिंगचा कडकपणा जातो.

प्रश्न : फेड मारला की मानेवर बारीक पुळ्या येतात, खाज सुटते.
– एक वाचक, नाशिक रोड

बहुतेक वस्तऱ्यामुळे. अगदी कातडीलगत, उलट्या बाजूनं वस्तरा फिरवला की केस वाढताना आतच वळतो आणि पुळी येते. वस्तरा नकोच म्हण, मशीननंच संपवायला सांग. तरीही वस्तरा लागलाच तर ब्लेड डोळ्यांसमोर नवीन टाकायला लावायचं, यात लाजायचं काही नाही, हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो. पुळ्यांत पू झाला किंवा दुखायला लागलं तर मात्र त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, तुरटी घासत बसू नकोस.

प्रश्न : वय ३८, टाळूवर विरळ झालंय. फेड शोभेल का?
– एक वाचक, इंदिरानगर

शोभेल की. बाजूचे केस दाट राहिले की वरचे अजून विरळ वाटतात, म्हणून बाजू बारीक केलेली तुम्हाला बरीच. फक्त वरचे केस लांब ठेवून टाळूवर ओढून घेऊ नका, गंगापूर धरणावर वारा सुटला की सगळं उघडं पडतं. लो किंवा मिड, आणि वरतीसुद्धा आखूडच.