उभयलिंगी की उभयलैंगिक?

तासगावच्या एका विज्ञान शिक्षिकेने विचारले आहे : “वर्तमानपत्रात ‘समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींचे हक्क’ असे शब्द वाचले. वर्गात तर मी गांडूळ उभयलिंगी असते असे शिकवते. अशा माणसाच्या शरीरात काय निराळे असते, असे मुलांनी विचारले तर काय सांगावे?”

शरीरात काहीही निराळे नसते, हे आधी सांगावे. बातमीतला शब्द स्त्री आणि पुरुष दोघांबद्दलही वाटू शकणाऱ्या मनाच्या ओढीबद्दल आहे आणि आपण वर्गात शिकवता तो शरीररचनेबद्दल. एकाच शब्दावर ही दोन ओझी टाकल्यामुळे गैरसमजाची सुरुवात शब्दापासूनच होते, म्हणून मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

तासगावात उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत द्राक्षाचा घड डोळ्यांजवळ धरला, की फुलाची हिरवी टोपी बुडापासून सुटून गळताना दिसते. आत मधोमध कुपीसारखा स्त्रीकेसर असतो आणि त्याच्याभोवती बहुधा पाच पुंकेसर. दोन्ही एकाच फुलात, म्हणून ते उभयलिंगी, किंवा पाठ्यपुस्तकाच्या शब्दांत द्विलिंगी. व्याकरणातही हा शब्द याच धर्तीवर चालतो : ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ ही दोन्ही रूपे रूढ असल्यामुळे ‘वेळ’ हा उभयलिंगी शब्द. म्हणजे मराठीत ‘उभयलिंगी’ म्हणजे ज्याच्या ठायी दोन्ही लिंगे आहेत तो, हा अर्थ पक्का बसलेला आहे.

मग बातमीत तो कसा आला? माझ्या मते ‘समलिंगी’च्या साच्यातून. ‘समलिंगी’मध्ये तुलना दोन व्यक्तींची असते, दोघांचे लिंग सारखे एवढेच तो शब्द सांगतो, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही; त्याच साच्यात ‘उभय’ घातल्याबरोबर दुसरी व्यक्ती नाहीशी होते आणि दोन्ही लिंगे एकाच शरीरात जाऊन बसतात. इंग्रजीतही ‘बायसेक्शुअल’ हा शब्द आधी फुलांसारख्या, दोन्ही लिंगे एकत्र असलेल्या सजीवांसाठी वापरात होता. माणसाच्या ओढीच्या अर्थाने तो १८९२ मध्ये, मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांच्या जर्मन ग्रंथाच्या चॅडॉक यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरात आला. म्हणून व्यक्तीबद्दल लिहिताना ‘उभयलैंगिक’ हा शब्द घ्यावा, कारण ‘लैंगिक’ म्हणजे लैंगिकतेशी संबंधित. त्यात अवयवांची मोजदाद येत नाही. ‘तृतीयपंथी’ हा शब्दही इथे लागू नाही. तो स्वतःच्या लिंगभावाविषयी, म्हणजे आपण स्त्री, पुरुष की आणखी निराळे असे स्वतःला काय वाटते त्याविषयी आहे, कोणाबद्दल ओढ वाटते याविषयी नाही.

शब्द बदलला तरी ‘उभय’ने मनात बसवलेली वाटणी राहतेच. पुष्कळांना वाटते, की अशा व्यक्तीला निम्मी ओढ स्त्रियांची आणि निम्मी पुरुषांची असली पाहिजे. अमेरिकन लैंगिकता-संशोधक किन्सी यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीतसुद्धा ० (केवळ भिन्नलिंगी) आणि ६ (केवळ समलिंगी) ही दोन टोके असून मध्ये पाच पायऱ्या आहेत. समसमान वाटणी ही त्यांतली केवळ एक. आज हा शब्द वापरणारे अनेक जण ‘एकापेक्षा अधिक लिंगभावांच्या व्यक्तींबद्दल ओढ’ असाच अर्थ घेतात, आणि ती ओढ सारख्याच प्रमाणात किंवा एकाच वेळी असावी अशी अट नसते.

मिरजेत आमच्या शेजारी जत भागातून आलेल्या एक काकू राहतात. भाजीवाल्याशी, नातवंडांशी, आमच्याशी दिवसभर मराठी. माहेरून फोन आला की दारातच उभ्या राहून अस्खलित कन्नड. आठवडाभर फोन आला नाही म्हणून त्यांची कन्नड गेली असे आम्ही म्हणत नाही, आणि त्यांचे अजून कोणत्या भाषेचे ते ठरायचे आहे असेही म्हणत नाही. उभयलैंगिक पुरुषाने स्त्रीशी लग्न केले, की मात्र लोक म्हणतात, ‘सुटला त्यातून’; आणि लग्न झालेले नसेल, तर ‘अजून गोंधळात आहे’. ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत, आणि ज्याच्याविषयी बोलली जातात त्याला घरातच परके करून टाकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘दोन डगरींवर हात’ हा वाक्प्रचारही अशा व्यक्तींच्या माथी मारला जातो. ओढ कोणाची वाटते आणि दिलेला शब्द पाळला जातो का, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. स्त्रियांची ओढ असलेला नवरा जगातल्या सगळ्या स्त्रियांच्या मागे लागत नाही, तसेच हेही.

तेव्हा वर्गात गांडूळ आणि द्राक्षाचे फूल यांना ‘उभयलिंगी’ म्हणणे खुशाल चालू ठेवावे. व्यक्तीबद्दल ‘उभयलैंगिक’ म्हणावे, आणि मुलांना तो शब्द जड वाटला तर ‘तिला पुरुषही आवडू शकतात आणि स्त्रियाही’ असे सरळ वाक्य करावे. कोणी स्वतःला ‘बायसेक्शुअल’ म्हणवत असेल, तर तोच शब्द वापरावा. ‘उभयलैंगिक’ हे विशेषण तिन्ही लिंगांत तसेच राहते : उभयलैंगिक मुलगा, उभयलैंगिक मुलगी, उभयलैंगिक माणसे.