व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) टँकमधून खालून लिक्विड गळतं, नवी कॉइल (लिक्विड तापवणारी तार आणि तिचा कापूस) टाकूनही थांबत नाही. डिव्हाइसच बदलायचं का?

नाही. निदान वरची रिंग (काच आणि झाकणाच्या मधला सिलिकॉनचा गोल) काढून पाहिल्याशिवाय तर अजिबात नाही.

तुम्ही लिहिलंय की एअरफ्लोच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या भोकांतून लिक्विड येतं, कॉइल नवी आहे, टँक 'जमेल तितका घट्ट' आवळलाय, तरी सकाळी खाली चिकट डाग असतोच. ते 'जमेल तितका घट्ट' वाचलं आणि लिहायला बसलो. याच एका मुद्द्यावरून माझं आणि माझ्या दाजींचं कितीतरी वर्षं वाजतंय.

लिक्विड खालून पडतं म्हणून सगळे खालीच शोधत बसतात. पण टँकमध्ये लिक्विड थांबतं ते टँक खालून बंद असतो म्हणून नाही. कॉइलच्या कापसातून रस्ता कायम उघडाच असतो, नाहीतर कापूस भिजणार कसा? स्ट्रॉ पाण्यात बुडवून वरचं तोंड बोटाने दाबून उचलली की पाणी आतच राहतं, तसंच इथे आहे. वरच्या पोकळीतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जरासा कमी असतो, त्यावर सगळं लिक्विड अडून असतं. झुरका घेतल्यावर काचेतून जो बुडबुडा वर जाताना दिसतो तो याच हिशेबातला. जितकं लिक्विड कापसात गेलं तितकी हवा कापसातूनच आत आली. वरच्या झाकणाकडून हवा शिरायला लागली की मग खालून कितीही आवळा, गळणारच.

आता दाजींचं सांगतो. आम्ही दोघांनी सिगारेट एकाच सुमारास सोडली आणि टँकही एकाच प्रकारचे घेतले. माझा कोरडा, त्यांचा गळका. त्यांचं म्हणणं, 'माझा पीसच खराब निघाला.' बरं, पीस खराब म्हणायचं आणि तरी रोज तो आणखी जोरात पिळायचा. मी म्हणायचो, "दाजी, आवळू नका, रिंग बघा." त्यावर ठरलेलं उत्तर, "अरे, ढिलं आहे म्हणूनच गळतंय ना? साधी गोष्ट आहे." ताईसुद्धा त्यांचीच री ओढायची. एका लग्नात त्यांच्या शर्टाचा खिसा चिकट झाला, तेव्हा रागाने त्यांनी टँकला पकड लावली. पकड! धातूवर दाते उमटले, ते अजून दिसतात.

दुसऱ्या दिवशी टँक माझ्या हातात आला, तो उघडेचना. गरम पाण्याखाली धरला, रबरी हातमोजा घालून पिळला, तेव्हा कुठे सुटला. लिक्विड काढून सगळे भाग धुतले आणि पांढऱ्या टिश्यूवर मांडले. कॉइलच्या बुडाची रिंग ठीक होती. काचेच्या खालची ठीक. काचेच्या वरची रिंग मात्र एका बाजूने खाचेतून बाहेर सरकलेली, काच आणि झाकणाच्या मध्ये चिमटून चपटी झालेली. बोटावर ताणून उजेडात धरली तर आतल्या कडेला बारीक चीर होती. नखाला लागत होती, पण टँकमध्ये बसलेली असताना कोणाच्या बापाला दिसली नसती. ही चीर आवळून आवळूनच पडलेली. सिलिकॉनच्या रिंगला थोडासाच दाब लागतो. त्याच्यावर गेलं की ती खाचेतून निसटते, आणि नंतर जितकं पिळाल तितकी जास्त चिमटते.

खोक्यात सुट्या रिंगांची छोटी पिशवी येते, दाजींची अजून फोडलेलीही नव्हती. नवी रिंग घेतली, लिक्विडचा एक थेंब बोटाने फिरवून ती ओली केली म्हणजे बसताना पिळवटत नाही, काच सरळ ठेवली आणि दोन बोटांनी अडेल इतकंच फिरवलं. रात्रभर टिश्यूवर उभा ठेवला. सकाळी टिश्यू कोरडा. तर दाजी म्हणतात काय, "बघ, नीट आवळल्यावर थांबलं." आजही चारचौघांत तेच सांगतात. दाजी, हे वाचत असाल तर ऐका: तो टँक तुम्ही आवळत होतात तेव्हा गळत होता आणि मी कमी आवळला तेव्हा थांबला.

तुमच्याकडे रिंगच असेल असं मी छातीठोक म्हणत नाही. आधी ही टिश्यूची परीक्षा करा. बाहेरून पूर्ण पुसा, एकही झुरका न घेता रात्रभर उभा ठेवा. टिश्यू कोरडा राहिला आणि वापरल्यावरच ओल येत असेल, तर ती गळती नाही, वाफ थंड होऊन जमलेलं लिक्विडच म्हणा ते. टँकच्या बुडाशी आणि तोंडाकडच्या नळीत ते जमतंच, पुसायचं आणि सोडून द्यायचं.

टिश्यू ओला झाला आणि रिंगा धडधाकट असतील तर लिक्विड बघा. ०.२ ओहमसारख्या कॉइलला कापसाची भोकं मोठी असतात, तिला ७० टक्के व्हीजीचं (व्हेजिटेबल ग्लिसरीनचं) दाट लिक्विड लागतं. त्यात ५०-५० वालं (निम्मंच व्हीजी असलेलं) पातळ ओतलं की ते वाहणारच, कॉइलचा दोष नाही. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलं तर दाट लिक्विडही पातळ होतं. वॅट कॉइलवर लिहिलेल्या आकड्यांच्या खाली ठेवू नका. कमी वॅटवर जोरजोरात ओढलं की आत आलेल्या लिक्विडची वाफ होत नाही, ते साचतं, आणि गुडगुड आवाज यायला लागतो. तो आवाज आला की ओढणं थांबवून मधली नळी टिश्यूने टिपा.

भरताना एअरफ्लो बंद करा. झाकण उघडलं की वरचा कमी दाब गेलाच, तेवढ्या वेळात लिक्विड खाली पळतं. मधल्या नळीत थेंब पडू देऊ नका, वर थोडी हवा ठेवा, झाकण लावा, टँक उलटा करा आणि मग एअरफ्लो उघडा. हे उलटं करणं लोकांना खुळेपणा वाटतो, दाजींनाही वाटायचं, पण झाकण लावताना दाबली गेलेली हवा तेवढ्यात लिक्विडला न ढकलता बाहेर पडते.

प्लास्टिकचा टँक असेल तर लिंबूवर्गीय आणि दालचिनीचे फ्लेवर त्याला तडे पाडू शकतात, हेही पाहून घ्या. आणि विमानात टँक रिकामा करूनच न्या. केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्यासारखा असतो, आत अडकलेली हवा फुगते आणि लिक्विडला बाहेर ढकलते. तिथे रिंग कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. जिथे व्हेप नेऊ देतात तिथेही डिव्हाइस हातातल्या सामानातच ठेवायचं, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

हे आधीच लिहायला हवं होतं, पण महत्त्वाचं आहे. गळलेल्या लिक्विडमध्ये निकोटिन असतं आणि ते कातडीतून शरीरात जातं. हाताला लागलं की लगेच साबणाने धुवा. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर तो टिश्यू उघड्या कचऱ्यात टाकू नका, मुलाच्या पोटात थोडं गेलं तरी जिवावर बेतू शकतं. लिक्विड बॅटरीच्या कप्प्यात उतरलं असेल तर चार्जिंगला लावू नका. तिथे मात्र मीही 'डिव्हाइस बदला' असंच म्हणेन. आणि जे ओढतच नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नये. सिगारेट सुटावी म्हणून मी व्हेपवर आलो, व्हेप चांगली म्हणून नाही.

कॉइल किती ओहमची, लिक्विडचं प्रमाण काय आणि वरच्या रिंगचा जवळून काढलेला फोटो, एवढं टाका. तोपर्यंत पिळू नका.