वय वाढताना तब्येत टिकावी, आयुष्य वाढावं म्हणून नेमकं काय करावं?

साठी जवळ आलीय, रोज फिरायला जातो, आणखी काय करावं, असं तुम्ही विचारलंय. माझं सांगणं एकच: पायांतली ताकद राखा. फिरणं सोडू नका, पण तेवढ्याने भागत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. दुखत-खुपत काहीच नाही, त्यामुळे कळतही नाही. मग कधीतरी तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं आणि चालतं-फिरतं माणूस अंथरुणाला खिळतं. म्हातारपणात मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते.

आईकडून मी खुर्चीचा व्यायाम करून घेतो. खुर्ची भिंतीला टेकवायची, म्हणजे सरकत नाही. कडेशी बसून हातांची छातीवर घडी घालायची, हाताचा आधार न घेता उठायचं आणि बसताना अंग धपकन टाकून न देता सावकाश खाली यायचं. खरी मेहनत खाली येतानाच होते, मांड्या भरून येतात. श्वास मात्र रोखायचा नाही. आठवड्यातून किमान दोनदा असे ताकदीचे व्यायाम हवेतच. शिवाय ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहायचं, तोलासाठी. हृदयाचा त्रास असेल किंवा गुडघे फार दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता या वयात काय ताकद येणार, असं मनातही आणू नका. १९९० साली बोस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या लोकांना ८ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तर त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. अर्थात स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. वय वाढलं की खाणं आपसूक कमी होतं आणि पहिली कात्री यांनाच लागते. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पोटात जाऊ द्या.

तंबाखू आणि सिगारेट बंद, यावर वेगळं काय बोलायचं! रक्तदाब मात्र काही होत नसलं तरी मोजत राहा, तो वाढल्याचं बहुतेकांना जाणवतच नाही. झोपेच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला, कारण रात्री उठताना तोल जाण्यामागे बरेचदा त्याच असतात. आणि ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र लावायला लाजू नका. ऐकू येईना की माणूस हळूहळू चारचौघांत बसणंच टाळतं, आणि त्या एकटेपणाने तब्येत खरोखर ढासळते.